किंमत कुठे मोजली, ते विचार

राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा, म्हणजे एनडीएचा फॉर्म भरायचं नक्की केल्यापासून तुझ्या प्रश्नांना ऊत आलाय. सुखोई ताशी किती वेगानं जातं? राफेल भारी की सुखोई? वैमानिक हवेत बेशुद्ध पडतात ते कशानं? विमानाला किल्ली असते का, आणि नसेल तर ते कुणी पळवून कसं नेत नाही? माझी सगळी नोकरी हवाई दलात एअरफ्रेम फिटर म्हणून गेली. विमान उडवणं माझ्याकडे नव्हतं, ते उडण्याजोगं ठेवणं होतं. तेव्हा माझी उत्तरं जमिनीवरून पाहणाऱ्याची आहेत, पण विमानाला हात लावलेल्याची आहेत.

किल्लीचं आधी उरकतो. लढाऊ विमानाला किल्ली नसते. पण ते सुरू करायला दहा-बारा खटके ठराविक क्रमानं टाकावे लागतात, पिना काढाव्या लागतात, चाकांपुढचे चॉक हलवावे लागतात आणि भोवती हत्यारबंद पहारा असतो. किल्लीचं काम माणसं करतात.

आता मूळ मंत्र. लढाऊ विमानात फुकट काही मिळत नाही. वेग हवा तर इंधन द्यावं लागतं, चपळाई हवी तर स्थैर्य सोडावं लागतं, जास्त शस्त्रं हवी तर पल्ला घटतो. म्हणून कुठलंही विमान बघितलंस की ‘किती भारी’ असं विचारू नकोस. ‘याची किंमत कुठे मोजली’ असं विचार. पुढचं सगळं त्यातूनच आलेलं आहे.

आवाजाच्या पुढे बघ

गच्चीवर उभी राहून तू आवाज येतो तिकडे मान वळवतेस आणि विमान तुला सापडत नाही. सापडायचंच नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. तीन किलोमीटरवरच्या विमानाचा आवाज तुझ्या कानापर्यंत यायला जवळपास नऊ सेकंद लागतात. ताशी ८०० किलोमीटरनं जाणारं विमान तेवढ्यात दोन किलोमीटर पुढे गेलेलं असतं. म्हणून आवाजाची दिशा धर, ते कुठून कुठे सरकतंय ते ओळख, आणि नजर त्याच्या बरीच पुढे टाक.

शहरात मोठा आवाज झाला की व्हॉट्सअ‍ॅपवर ‘सोनिक बूम’ सुरू होतं. फरक कानाला कळतो. बूम म्हणजे एक धक्का, पुष्कळदा जोडीनं आलेला, आणि खेळ खलास. खिडक्या एकदाच हादरतात. टेक-ऑफच्या वेळचा इंजिनांचा गडगडाट मात्र सुरू होतो, वाढतो आणि हळूहळू विरतो. विमानतळाजवळ तुला ऐकू येतो तो जवळजवळ नेहमी हाच. वस्तीवरून ध्वनीपेक्षा जास्त वेगानं सहसा उडत नाहीत, कारण बूम काही वेग ओलांडतानाच्या एका क्षणाचा नसतो. विमान त्या वेगात असेपर्यंत तो खाली वाटेतल्या प्रत्येक गावाला ऐकू जातो.

आणखी एक. पुण्याच्या लोहगावला विमानं बघायची ती डोळ्यांनी. हवाई दलाच्या तळाचे, तिथल्या विमानांचे फोटो-व्हिडिओ काढायचे नाहीत आणि टाकायचे तर मुळीच नाहीत. पुण्याचं नागरी विमानतळ हे हवाई दलाच्या तळावरचं पाहुणं आहे. तळ १९३९ मध्ये ब्रिटिशांनी मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी उभारला, प्रवासी वाहतूक नंतर आली. तुकोबांच्या आजोळच्या या गावाचं नाव आज देशभरात ओळखीचं आहे ते या धावपट्टीमुळे.

धावपट्टीचे आकडे वाच

लोहगावच्या धावपट्टीच्या एका टोकाला १० आणि दुसऱ्या टोकाला २८ असं लिहिलेलं आहे. त्यापुढे एक शून्य लाव, की होकायंत्रावरची दिशा मिळते: साधारण १०० अंश म्हणजे पूर्व, २८० अंश म्हणजे पश्चिम. विमान शक्यतो वाऱ्याला तोंड देऊन चढतं आणि उतरतं. पंखांना हवेतला वेग हवा असतो, जमिनीवरचा नव्हे. समोरून ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर तेवढा वेग आयता मिळतो आणि धावपट्टी कमी लागते. पावसाळ्यात पुण्यात पश्चिमेचा वारा असतो. तेव्हा विमानं वाघोलीच्या बाजूनं येऊन उतरतात आणि कळस-धानोरीच्या अंगाला चढतात. हिवाळ्यात वारा फिरला की उलट. घराच्या डोक्यावरून आज विमानं का जातायत, याचं उत्तर वाऱ्यात असतं.

लोहगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ५९० मीटर उंचावर आहे आणि धावपट्टी अडीच किलोमीटरची. इथली हवा मुंबईपेक्षा विरळ. मे महिन्याच्या दुपारी ती तापून आणखी विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाचा जोरही घटतो, म्हणजे तेच विमान तेवढंच वजन घेऊन जास्त लांब धावतं. सगळं उड्डाण सकाळी लवकर सुरू करण्यामागचं एक कारण हे.

विमानं जोडीनं येतात ते बघ. पुढचा तो लीडर, मागचा नंबर टू. नंबर टूचं पहिलं काम लीडरची पाठ राखणं, कारण आपल्या शेपटीमागे काय आलंय हे वैमानिकाला नीट दिसत नाही. परतताना ही जोडी धावपट्टीवर बऱ्याच वेगात येते आणि एकामागून एक झटक्यात वळते. लोकांना वाटतं पोरं मस्ती करतायत. त्या वळणातच ती जास्तीचा वेग मारतात, दोन विमानांत अंतर पाडतात आणि शेवटपर्यंत धावपट्टीच्या जवळ राहतात. इंजिनानं दगा दिला तरी उतरायची जागा हाताशी असते.

उतरल्यावर सुखोईच्या शेपटातून छत्री उघडते. तिला आम्ही टेल शूट म्हणायचो. लढाऊ विमानाचे पंख वेगासाठी घडवलेले असतात, त्यामुळे त्याला संथ उतरता येत नाही. वेगासाठी घडवलेल्या पंखांची किंमत धावपट्टीवर मोजावी लागते, आणि सगळा भार ब्रेकवर टाकला तर ब्रेक व टायर लवकर जातात. ती छत्री मग उचलून आणावी लागते, वाळवावी, तपासावी आणि दाबून पुन्हा बांधावी लागते. हे काम करणारी माणसं तुला गच्चीवरून दिसत नाहीत.

आकाराला कारण विचार

नवशिक्याचं विमान आणि लढाऊ विमान यांत मूळ फरक वेगाचा नाही, स्वभावाचा आहे. शिकाऊ विमान स्थिर असतं. वाऱ्यानं नाक वर गेलं की ते आपोआप खाली येतं. नवशिक्याला हेच हवं. पण जे विमान स्वतःहून सरळ राहायचा हट्ट धरतं, ते वळायलाही तेवढीच कुरकुर करतं. म्हणून सुखोई-३० किंवा तेजस यांची रचना मुद्दाम थोडी अस्थिर ठेवलेली असते. तळहातावर उभी धरलेली काठी जशी सतत हात हलवून तोलावी लागते, तसं ते विमान संगणक तोलत असतो, सेकंदाला कित्येकदा. वैमानिक दांडी हलवतो ती विनंती असते. कुठला पृष्ठभाग किती हलवायचा ते संगणक ठरवतो. यालाच फ्लाय-बाय-वायर म्हणतात. याची किंमत अशी की संगणक बंद पडला तर माणसाला ते विमान सांभाळता येणार नाही. म्हणून तेजसमध्ये या व्यवस्थेच्या एकाला एक समांतर अशा चार वाहिन्या आहेत. एक वेगळं बोलू लागली तर बाकीच्या तिला गप्प करतात.

सुखोई-३० एमकेआय २७ सप्टेंबर २००२ रोजी हवाई दलात आलं ते इथेच, लोहगावला. दोन इंजिनं, दोन माणसं, भरल्यावर वजन ३८ टनांच्या वर. इंजिनांची मागची तोंडं फिरतात, त्यामुळे पंखांनी हवेवरची पकड सोडली तरी हे विमान नाक वळवू शकतं. हवाई कसरतीत हे बघणारे आ वासून राहतात. पण तसं वळताना विमान आपला वेग घालवून बसतं, आणि वेग गमावलेलं विमान हे दुसऱ्या शत्रूला सोपं लक्ष्य असतं. शिवाय फिरणारं तोंड म्हणजे जास्त सांधे, जास्त वजन, जास्त झीज. दोन माणसं का, हेही तू विचारलं होतंस. मागचा माणूस रडार आणि शस्त्रं सांभाळतो, पुढचा उडवतो. कामाची वाटणी झाली, पण दुसरी खुर्ची, दुसरी काच, दुसरा प्राणवायूचा संच हे सगळं वजन आलंच.

वजनाचा हिशेब बघायचा तर ब्रह्मोस बघ. जमिनीवरून आणि जहाजावरून डागायचं हे क्षेपणास्त्र हलकं केलं तरी हवेतून सोडायची आवृत्ती अडीच टनांची झाली. ते सुखोईच्या पोटाखाली टांगायला नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात विमानाचा सांगाडा मजबूत करावा लागला. २२ नोव्हेंबर २०१७ रोजी ते पहिल्यांदा सुखोईवरून डागलं गेलं. एवढं मोठं विमान, आणि एका वेळी नेतं एकच. तुला ‘फक्त एकच?’ असं वाटलं असेल, तर मूळ मंत्र पुन्हा वाच.

रंगही असाच. जुन्या विमानांची पाठ हिरवी-तपकिरी असायची, वरून बघणाऱ्याला ती शेतात मिसळावी म्हणून. पोट फिकट निळं. आता बहुतेक सगळी राखाडी आहेत, कारण लढाई उंचावर होते आणि धुरकट आभाळात राखाडी रंग सगळ्यात उशिरा डोळ्यात भरतो. नाकाचा शेंडा मात्र धातूचा नसतो. त्याच्या आत रडार असतं आणि धातूतून रडारच्या लहरी जात नाहीत.

इंजिनाची चौकशी आधी कर

मुंबईला गेलीस की वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात मारुत विमान बघून ये. जर्मन अभिकल्पक कुर्ट टँक यांच्या नेतृत्वाखाली बंगळूरला घडलेलं हे भारताचं पहिलं स्वदेशी जेट लढाऊ विमान, १७ जून १९६१ ला ते पहिल्यांदा उडलं. त्याच्या बाजूला उभी राहा आणि पंख जिथे जोडलेत तिथे धड आत गेलेलं बघ. पंखांनी अडवलेल्या हवेला वाट मिळावी म्हणून तिथे धडच बारीक केलंय. ध्वनीच्या वेगाजवळ जाताना होणारा विरोध त्यानं कमी होतो. अंगानं ते ध्वनीच्या पुढे जायला घडवलं होतं. पण त्याला हवं तसं ताकदीचं इंजिन मिळालंच नाही. हाताशी होती ती लहान ऑर्फियस इंजिनं, दोन. त्यामुळे सरळ उड्डाणात ते ध्वनीच्या मागेच राहिलं. तरीही १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर मारुतनं जमिनीवरच्या माऱ्याचं काम चोख केलं. विमानाचं कौतुक ऐकलंस की पहिला प्रश्न इंजिनाचा टाकायचा: कुणाचं, किती ताकदीचं, आणि आपल्याला मिळणार आहे का?

टेक-ऑफला मागून निघणाऱ्या ज्वाळेला आम्ही रीहीट म्हणतो, पुस्तकात आफ्टरबर्नर. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त हवेत अजून प्राणवायू शिल्लक असतो. त्यात पुन्हा इंधन फवारून पेटवायचं. जोर दीडपटीच्या आसपास वाढतो, पण इंधन कितीतरी जास्त जळतं. दोन्ही इंजिनं पूर्ण रीहीटवर असताना सुखोई मिनिटाला शेकडो किलो इंधन पितं. म्हणून वैमानिक रीहीट काटकसरीनं वापरतो: चढताना, शत्रूपासून सुटताना, वळणात वेग टिकवताना. कमाल वेगाचे जे आकडे तू पाठ करतेस ते विमान काही मिनिटंच टिकवू शकतं. खरा प्रश्न असा: एवढं अंतर जाऊन, तिथे इतका वेळ थांबून, हे विमान घरी परतू शकेल का?

पाय आणि पाणी सांभाळ

वैमानिक बेशुद्ध कशानं पडतात, ते आता सांगतो. विमान जोरात वळलं की शरीराचं वजन वाढल्यासारखं होतं. त्याचं माप g. सुखोई ९ g पर्यंत वळू शकतं. ५५ किलोची तू त्या क्षणी ४९५ किलोंची. हेल्मेटसकट डोकं सहा किलोंचं धरलं तर ५४ किलो, आणि तेही मान वळवून मागे बघत असताना. रक्त पायांकडे ओढलं जातं, मेंदूला कमी पडतं. आधी रंग फिके होतात, मग कडा अंधारतात, मग काही दिसत नाही, आणि त्यापुढे शुद्ध जाते. भार एकदम आला तर मधल्या पायऱ्या जाणवतही नाहीत.

उपाय दोन. एक म्हणजे जी-सूट, जो पोट, मांड्या, पोटऱ्या हवेनं आवळतो. दुसरा वैमानिकानं स्वतः करायचा: भार येण्याआधीच पाय, नितंब, पोट घट्ट आवळून धरायचं आणि दर तीन सेकंदांनी एक झटपट श्वास घ्यायचा. सूट मदतीला असतो, मुख्य काम पायांचं. म्हणून आत्तापासून बैठका मार. नुसतं धावून भागणार नाही.

आणि लाजून न विचारलेला तुझा प्रश्न: लढाऊ विमानात शौचालय नसतं. लांब उड्डाणात लघवीसाठी शोषक पदार्थ भरलेल्या पिशव्या असतात. एवढे कपडे आणि पट्टे बांधलेल्या माणसाला त्या वापरणं कटकटीचं, बाईमाणसाला त्याहून जास्त. म्हणून काहीजण उड्डाणाआधी पाणीच पीत नाहीत. तसं करू नकोस. अंगात पाणी कमी असलं की g सोसण्याची ताकद घटते. सोय वाचवायला गेलीस तर किंमत शुद्धीनं मोजशील.

मापाला रागावू नकोस

मेडिकलला टेपनं मोजतात तेव्हा मुलांना अपमान वाटतो. पायांची लांबी ९९ ते १२० सेंटिमीटर, बसल्यावरची उंची ८१.५ ते ९६, मांडी ६४ पेक्षा जास्त नको. कॉकपिट एका ठराविक मापाचं आहे म्हणून ही मापं. पाय आखूड असतील तर रडरची पावलं पूर्ण दाबली जाणार नाहीत. बसून उंची जास्त असेल तर हेल्मेट काचेला लागेल. आणि मांडी लांब असेल तर? खुर्ची रॉकेटनं वर उडते तेव्हा गुडघे समोरच्या पॅनेलच्या कडेला आपटतील. तो नियम पाय वाचवण्यासाठी आहे. माप बसलं नाही तर मन घट्ट करून दुसरी शाखा बघायची.

खाली बघून चाल

आता माझ्या कामाची गोष्ट. सकाळी पहिलं उड्डाण व्हायच्या आधी टारमॅकवर माणसं एका ओळीत, हातभर अंतरानं उभी राहतात आणि मान खाली घालून चालत जातात. अधिकारी असो वा शिपाई. बूट जपून टाकायचा, नजर पुढच्या दोन हातांवर. सापडतं काय? खडा, तारेचा तुकडा, वॉशर, टायरचा टवका, पेनाचं टोपण. जे सापडेल ते खिशातल्या पिशवीत. जेट इंजिन समोरची हवा ओढतं तसा खडाही ओढतं, आणि आत मिनिटाला हजारो फेऱ्या घेणारी पाती असतात. एका पात्याचा टवका उडाला की तो पुढच्याला तोडतो.

अभिकल्पकांनीही यावर डोकं चालवलंय. १९८७ मध्ये मिग-२९ लोहगावला आलं तेव्हा त्याची एक गोष्ट बघायला आम्ही सगळे वाकायचो. जमिनीवर असताना त्याच्या हवा घेण्याच्या तोंडांवर दारं बंद व्हायची आणि इंजिन पंखाच्या वरच्या बाजूच्या झडपांतून श्वास घ्यायचं. सुखोईत दारांऐवजी तोंडाच्या आत जाळी वर येते. दोन्हींचं वजन आणि दोन्हींची देखभाल आलीच. पण ओळीत चालणं दोन्ही विमानांनी बंद केलं नाही.

हत्यारांचंही तेच. प्रत्येक पान्याला फळीवर त्याच्याच आकाराची जागा रंगवलेली असते. काम संपलं की फळी भरली पाहिजे. एक जागा रिकामी दिसली तर विमान उडत नाही, रात्रीचे किती वाजलेत ते कुणी विचारत नाही. विमान हवेत उलटं झालं की हरवलेला पाना नियंत्रणाच्या दांड्यांत जाऊन बसू शकतो.

विमानावर लाल पट्ट्या लोंबताना बघितल्यास ना, त्या पिना आणि झाकणांच्या. वेग मोजणाऱ्या पिटो नळीला झाकण असतं कारण कुंभारीण माशीला तेवढंच भोक घर बांधायला हवं असतं. एक दिवस उघडं ठेवा, ती चिखल भरून मोकळी. मग कोट्यवधींच्या विमानाला आपला वेग कळत नाही. झाकण लावणं जितकं महत्त्वाचं तितकंच उड्डाणाआधी ते काढणं.

सगळं झालं की फॉर्म ७०० वर सह्या होतात. ज्यानं ज्याचं काम केलं त्यानं आपल्या नावानं सही करायची. मग वैमानिक वाचून शेवटची सही करतो आणि विमान त्याचं होतं. उद्या तू सही करशील तेव्हा आधीची पानं वाच. परवा कुठला स्नॅग, म्हणजे बिघाड, आला होता, तो कसा काढला, हे खाली उभ्या असलेल्या फिटरला विचार. वाचणारा वैमानिक आम्ही लांबून ओळखायचो.

खुर्ची सुटली तर लांब राहा

१४ ऑक्टोबर २०१४ रोजी थेऊरजवळ सुखोई कोसळलं. दोघेही वैमानिक खुर्चीसकट बाहेर पडून वाचले. ही खुर्ची शून्य उंची आणि शून्य वेगालाही काम करते, म्हणजे उभ्या विमानातूनसुद्धा माणसाला छत्री उघडण्याइतकं वर फेकते. त्यासाठी आधी वरची काच जावी लागते. तेजससाठी ती काच स्फोटक दोरीनं कापणारी व्यवस्था पुण्यातल्या डीआरडीओच्या प्रयोगशाळांनी विकसित केली. जीव वाचतो, पण पाठीचा कणा एका झटक्यात अंगाच्या वजनाच्या बारा-पंधरा पट किंवा जास्त भार सोसतो.

हे गावाकडच्या सगळ्यांना सांग. शेतात वैमानिक उतरला तर त्याला उठवून बसवू नका, हेल्मेट ओढू नका, पाणी पाजू नका. कणा दुखावलेला असू शकतो. श्वास चालू आहे ना, ते बघा, सावली करा, ११२ ला फोन करा. खुर्ची किंवा विमानाचे तुकडे आठवण म्हणून उचलू नका. त्यात न फुटलेली काडतुसं असू शकतात. जळणाऱ्या विमानाचा धूर विषारी असतो, वारा जिकडून येतो त्या बाजूला थांबा.

अभिमान खऱ्याचा ठेव

१८९५ मध्ये शिवकर बापूजी तळपदे यांनी गिरगाव चौपाटीवर विमान उडवल्याचा मेसेज तुला दरवर्षी येईल. त्याचा भक्कम समकालीन पुरावा नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा आधार सांगतात, त्यातली विमानं उडूच शकत नाहीत, असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्येच काढला. त्यांनी ‘किंमत कुठे मोजली’ हेच विचारलं: वजन किती, जोर किती, उचल किती?

मराठी माणसाचा अभिमान हवा असेल तर डॉ. विष्णू माधव घाटगे यांचा धर. कोल्हापूर जिल्ह्यातले घाटगे जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्याकडे शिकले. आधुनिक वायुगतिकीचा पाया घालणाऱ्यांत प्रांटल यांचं नाव येतं. घाटगे परत आले आणि हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांनी एचटी-२ हे शिकाऊ विमान घडवलं. ते १९५१ मध्ये उडलं. पुढे किरण या शिकाऊ जेटचं कामही त्यांच्याच हाताखाली सुरू झालं, आणि ते १९६४ मध्ये उडलं. हवाई दलाच्या कित्येक पिढ्यांचे हात या दोन विमानांवर बसले. शिकाऊ विमान बनवणाऱ्याचं पोस्टर निघत नाही, पण चूक माफ करणारं विमान बनवणं सोपं नसतं.

कचऱ्याचा डबा झाकून ठेव

आपल्या सोसायटीला सांगायची गोष्ट. उघड्यावर पडलेल्या कचऱ्यावर आणि मटणाच्या दुकानामागच्या तुकड्यांवर घारी येतात. घार गरम हवेवर गोल गोल चढत बरोबर विमानांच्या वाटेत जाते. टकरीचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो: वेग दुप्पट, तर दणका चौपट. घार इंजिनात गेली तर चढतानाच्या विमानाकडे ना उंची असते ना वेळ, आणि खाली धानोरी, विमाननगर, कळस, वडगाव शेरी. विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत असा कचरा उघड्यावर टाकायला विमान नियमांत मनाई आहेच. नियम कोण पाळतो, असं म्हणायचं आणि मग विमानांच्या आवाजाची तक्रार करायची, हे बरोबर नाही. दिवाळीत आभाळात सोडायचे कंदील, गणपतीत वर मारलेला लेझर, परवानगीशिवाय उडवलेला ड्रोन, सगळं त्याच पंगतीतलं.

शेवटी तुझ्या परीक्षेचं

खडकवासल्याच्या एनडीएत मुलींची पहिली तुकडी २०२२ मध्ये दाखल झाली आणि ३० मे २०२५ ला त्यातल्या १७ जणी संचलन करून बाहेर पडल्या. तेव्हा ‘मुलींना घेतात का’ हा प्रश्न आता विचारू नकोस. हवाई दलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित तिन्ही लागतात, ते सोडू नकोस. खडकवासल्याला कॅडेट सुपर डिमोना या मोटर ग्लायडरवर उडायला शिकतात. त्यात इंजिनापेक्षा वारा जास्त शिकवतो, तिथे कंटाळा करू नकोस.

लेखी परीक्षेनंतरच्या एसएसबी मुलाखतीला मला विचारलेस तेवढे प्रश्न विचारू नकोस, पण तिथे जे विचारतील त्याचं उत्तर येत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हण. फिटर असो वा वैमानिक, अंदाजानं ठोकून देणाऱ्याला हवाई दलात जागा नाही.

वैमानिकांच्या निवडीची संगणकावरची चाचणी मात्र वेगळी. लेखी परीक्षा वर्षातून दोनदा होते, एसएसबी पुन्हा देता येतं. ही चाचणी आयुष्यात एकदाच. आदल्या रात्री पुरेशी झोप घे, सूचना शेवटपर्यंत ऐक, आणि मगच दांडीला हात लाव. दुसरी संधी नाही.